रागावायची मुभा

‘सुजाता’मध्ये अधीर टेलिफोनवरून गाणं म्हणतो आणि पलीकडे सुजाता रिसीव्हर कानाशी धरून ते ऐकते. आवाज तलत महमूदचा, चाल सचिनदेव बर्मन यांची, आणि पडद्यावर बराच वेळ नूतनचा चेहरा. डोळ्यांना धार लागलेली, ओठ मिटलेले. हिंदी चित्रपटातल्या मोजक्या उत्तम गाण्यांत याची गणना होते आणि ती योग्यच आहे. पण अस्पृश्यतेवरच्या चित्रपटात गाणं ब्राह्मण तरुणाच्या वाट्याला आणि रडणं अस्पृश्य मुलीच्या वाट्याला, ही वाटणी एकदा लक्षात आली की सबंध चित्रपट निराळा दिसू लागतो. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली तिथल्या कुणावरही ती आवाज चढवत नाही. तिच्यावर अन्याय होतोय हे दिग्दर्शकाला कळतं, प्रेक्षकाला कळतं, अधीरला कळतं, तिला स्वतःलाही कळतं. चिडत मात्र ती नाही.

जुन्या चित्रपटांबद्दल आपल्याकडे दोन ठरीव बोलणी आहेत. एक म्हणजे, काय ते चित्रपट होते, समाजाला काही सांगत होते, आता नुसता धंदा झालाय. दुसरं तरुण मंडळींचं: ते सगळं भाबडं, उपदेशी, आज त्याचा काय उपयोग? दोन्ही बोलण्यांत चित्रपटाचा संदेश तेवढा तपासला जातो. आणि संदेश बहुधा चांगलाच असतो. माणसामाणसांत भेद करू नये, असं तोंडानं म्हणायला कोणत्याच काळात फारसं काही लागत नाही.

पूर्वग्रहाचा माग काढायचा तर वेगळा प्रश्न विचारावा असं माझं मत आहे: या गोष्टीत रागावायची मुभा कुणाला आहे? दयेत देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. राग हिशेब मागतो, आणि हिशेब मागणारा समोरासमोर उभा असतो. म्हणून सभ्य, शिकलेल्या, मनानं चांगल्या माणसांचा पूर्वग्रह दयेच्या परीक्षेत पकडला जात नाही, तिथे ती मंडळी पहिल्या वर्गात पास होतात. रागाच्या परीक्षेत त्यांची त्रेधा उडते. आपले सामाजिक म्हणून गाजलेले जुने चित्रपट अशाच चांगल्या माणसांनी आपल्यासारख्याच चांगल्या माणसांसाठी काढलेले आहेत. त्यांच्या चांगुलपणाची हद्द कुठे संपत होती, याची नोंद त्यांत नकळत राहून गेली आहे. ती नोंद वाचण्यासारखी आहे, कारण ती हद्द अजून फारशी सरकलेली नाही.

‘सुजाता’ १९५९ सालचा, सुबोध घोष यांच्या कथेवर बिमल रॉय यांनी काढलेला. पटकीच्या साथीत आईबाप गेलेलं अस्पृश्याचं तान्हं मूल उपेन या इंजिनिअरच्या घरी येतं. चार दिवसांसाठी म्हणून ठेवलेली मुलगी राहून जाते. स्वतःची मुलगी रमा शिकते, कॉलेजात जाते. सुजाता घर बघते, झाडांना पाणी घालते. सुरुवातीला एक पंडितजी ठासून सांगतात की अस्पृश्याच्या अंगातून विषारी वायू निघत असतो, आणि उपेनबाबू त्यांची टर उडवतात. प्रेक्षक हसतो. हसला की तो सुटला, आपण काही त्या पंडितासारखे नाही. पुढे सोवळ्याची कडक म्हातारी येते, ललिता पवारांनी नेहमीच्या धारेनं रंगवलेली. तिचा राग करून प्रेक्षक पुन्हा सुटतो.

अडकतो तो चारूपाशी. उपेनची बायको चारू वाईट नाही. तिनं त्या मुलीला उपाशी ठेवलेलं नाही, मारझोड केलेली नाही, घराबाहेर काढलेलं नाही. आल्यागेल्याला ओळख करून देताना ती सुजाताला मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते, एवढंच. रमासाठी हेरलेला अधीर सुजातात गुंतलाय हे कळल्यावर मात्र तिचा तोल जातो आणि ती सुजातावर तुटून पडते. म्हणजे या घरात राग आहे, पण तो खालून वर जात नाही. जिच्याकडून घेतलं गेलं ती गप्प आणि जिनं दिलं ती संतापलेली, कारण दिलेल्याचं चीज झालं नाही असं तिला वाटतं. उपकारावर उभ्या असलेल्या प्रत्येक नात्यात हा संताप दबा धरून बसलेला असतो. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलानं वसतिगृहातल्या जेवणाबद्दल तक्रार केली की ‘यांना सगळं फुकट मिळतं आणि वर तोंड करून बोलतात’ हे वाक्य ज्या सहजतेनं येतं, ते वाक्य चारूच्या घरातलं आहे.

चारू झाली होती सुलोचना. मराठी प्रेक्षकानं ‘सुजाता’ बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यातल्या चारही मोठ्या स्त्रीभूमिका आपल्याकडच्या बायकांच्या आहेत. शोभना समर्थांची नूतन, कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत घडलेल्या सुलोचनाबाई, सोलापूरची शशिकला, आणि येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार. कथा बंगाली, भाषा हिंदी, पण त्या घरातली सगळी देवाणघेवाण मराठी चेहऱ्यांवर चालते. आणि ललिताबाईंचं येवला म्हणजे तेच, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केलं. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. तरीही या चित्रपटाच्या बाबतीत तो टोचतो, कारण आंबेडकरांचा या चित्रपटात मागमूस नाही. नागपूरला त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी धर्म बदलला त्याला तेव्हा तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. अस्पृश्यांनी काय सोसलं हे चित्रपटाला माहीत आहे. त्यांनी काय ठरवलं, हे त्याच्या गावीही नाही. जीव द्यायला निघालेल्या सुजाताला मागे फिरवतात ते गांधीजींचे शब्द.

शेवटी चारू जिन्यावरून पडते, रक्त द्यावं लागतं, रमाचं जुळत नाही, सुजाताचं जुळतं. पंडिताच्या विषारी वायूला रक्तगटाचं उत्तर. युक्तिवाद म्हणून तो चोख आहे आणि त्या काळी तो किती जणांच्या मनाला भिडला असेल याची कल्पना करता येते. पण चारू सुजाताला मुलगी म्हणून जवळ घेते ती जीव वाचल्यावर. ते रक्त जुळलं नसतं तर? चांगल्या घरात जागा मिळवायची तर आधी निरपवाद गुणी असायचं, मग गप्प राहायचं, आणि एवढ्यावरही भागलं नाही तर नस उघडी करायची.

तेवीस वर्षं आधीचा ‘अछूत कन्या’ याहून कडक अट घालतो. बॉम्बे टॉकीजचा १९३६ सालचा हा चित्रपट, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन, कथा निरंजन पाल यांची, देविका राणी रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि अशोककुमार ब्राह्मण प्रताप. सुरुवातीलाच फाटकापाशी कस्तुरीचं स्मारक दिसतं आणि गोष्ट मागे जाते. कस्तुरी दोन भांडणाऱ्या पुरुषांना वाचवायला धावत्या गाडीपुढे जाते आणि मरते, म्हणून तिची पूजा होते. जिवंतपणी जिला प्रतापच्या घरी सून म्हणून जाता आलं नाही, ती मेल्यावर देवी झाली. त्याच वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, भाषणाचा मसुदा वाचला आणि परिषदच रद्द केली. आंबेडकरांनी ते भाषण पुस्तकरूपानं छापलं. जातीविरुद्ध काम करणाऱ्या सुधारकांनाही ज्या वर्षी आंबेडकरांचा राग झेपला नाही, त्याच वर्षी कस्तुरीचं मरण बघून थिएटरात लोक रडत होते. पुरोगामी म्हणून त्या चित्रपटाचं कौतुक झालं आणि त्यात खोटं काही नाही. तो तेवढ्यापुरता पुरोगामीच होता.

प्रभातच्या ‘धर्मात्मा’चीही (१९३५) गत फार वेगळी नाही. बालगंधर्व संत एकनाथ झाले, अस्पृश्याघरी जेवले, कर्मठांशी झगडले. मूळ नाव ‘महात्मा’, गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरनं ते बदलायला लावलं, म्हणजे सरकारला त्यातली आजची गोष्ट बरोबर कळली होती. पण त्यातही निषेधाचा अधिकार एकनाथांकडे आहे. ज्यांच्या पंगतीला ते बसतात त्यांना ते आले याचा आनंद आहे, इतके दिवस कुणी का आलं नाही याचा जाब नाही.

आता कुणी म्हणेल, काळच तसा होता, त्या काळच्या चित्रपटाकडून किती मागायचं? हे उत्तर मला पटलं असतं, ‘कुंकू’ नसता तर.

व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ हाही प्रभातचाच, १९३७ सालचा, ‘सुजाता’च्या बावीस वर्षं आधीचा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. तरुण नीराचं फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलं जातं. नीरा झाली होती शांता आपटे आणि म्हातारा वकील केशवराव दाते. ही मुलगी रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही म्हणते आणि त्याला जवळ येऊ देत नाही. वयानं तिच्याएवढा असलेला सावत्र मुलगा लगट करायला जातो तेव्हा त्याला चोप देते. घरात एक घड्याळ आहे, एक आरसा आहे, एक छत्री आहे. म्हाताऱ्याला त्याचं वय दाखवायला एवढं सामान पुरतं. पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. त्यामुळे नीराच्या रागाला वाद्यांचा पोशाख नाही, तो उघडा आणि कोरडा ऐकू येतो. मला हा निर्णय शांतारामांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी वाटतो. पुढच्या रंगीत, नाचत्या चित्रपटांत ते इतके उघडे कधी झाले नाहीत. म्हाताऱ्याच्या विधवा मुलीचं काम केलं शकुंतला परांजपे यांनी. संततिनियमनाच्या प्रचारात र. धों. कर्व्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या या बाईंना पडद्यावर सुधारकाचं सोंग आणावं लागलं नाही.

म्हणजे १९३७ साली पुण्यात बसून अन्यायाविरुद्ध चिडलेली बाई पडद्यावर आणता येत होती, लोकांना ती आवडतही होती. मग कस्तुरीला आणि सुजाताला का नाही? काळाचं कारण इथे पुरत नाही. नीरा पांढरपेशा घरातली आहे. समोर बसलेल्या प्रेक्षकाची ती मुलगी, बहीण, पुतणी. आपल्या मुलीचा राग कितीही अडचणीचा असला तरी तो आपला राग असतो, आणि ज्या म्हाताऱ्यावर ती चिडते तोही आपलाच असतो. घरातलं भांडण घरात राहतं. कस्तुरी चिडली असती तर ती बाहेरून येऊन घरावर चिडली असती. त्याला मुभा नव्हती. अर्थात नीरालाही मुभा संपूर्ण मिळाली असं नाही. तिची सुटका अखेर म्हातारा करतो, तिला मोकळं करणारी चिठ्ठी लिहून स्वतःचा जीव देतो. तिच्या रागाचा निकाल त्याच्या हातून लागतो.

जाता जाता सांगायला हवं, की हीच शांता आपटे १९३९ साली करारावरून बिनसल्यावर प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. पडद्यावर तिचा संताप इतक्या देखणेपणानं दाखवणाऱ्या कंपनीला तो दाराशी आल्यावर जड गेला. दुसऱ्या वर्षी तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ असं पुस्तकच लिहिलं. शांतारामांच्या मोठेपणाला यानं बाधा येते असं मला वाटत नाही. मुभा देणारा ती कुठवर देतो हे मात्र कळतं.

अन्याय सोसणारा इतका निर्दोष का दाखवतात, याला एक सबळ उत्तर आहे आणि ते डावलून चालणार नाही. स्टॅन्ली क्रेमरच्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ या अमेरिकन चित्रपटात सिडनी पॉइटिए निष्णात डॉक्टर आहे, सभ्य, देखणा, जगभर नाव कमावलेला. गोऱ्या मुलीशी त्याला लग्न करायचं आहे. क्रेमरनं तो जाणून-बुजून इतका परिपूर्ण केला होता, की मुलीच्या बापापुढे नकाराचं दुसरं कारणच उरू नये. राहील ते फक्त कातडीचं. बिमल रॉय यांचाही हिशेब हाच असावा. सगळ्या सबबी काढून घ्यायच्या म्हणजे पूर्वग्रह उघडा पडतो. डावपेच म्हणून हे बिनतोड आहे. पण त्याची किंमत बघा. त्या चित्रपटात पॉइटिए एकदाच खराखुरा भडकतो, आणि तो स्वतःच्या काळ्या बापावर, तुम्ही अजून स्वतःला काळा माणूस समजता म्हणून. गोऱ्या सासऱ्यापुढे तो अदबीनं उभा आहे, आणि शेवटचं लांबलचक भाषण करून संमती देतो तो सासराच, म्हणजे स्पेन्सर ट्रेसी. चित्रपट आला डिसेंबर १९६७मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मिश्रविवाहबंदीचे कायदे रद्द केले होते. कायद्यानं ज्या लग्नाला कुणाच्या परवानगीची गरज उरली नव्हती, त्यासाठी पडद्यावर अजून बापाच्या होकाराची वाट बघितली जात होती.

हिंदू-मुसलमानांच्या बाबतीत आपल्या जुन्या चित्रपटांनी निराळी वाट काढली: रागाची समसमान वाटणी. प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१) विश्राम बेडेकरांच्या कथेवरचा. जिवलग शेजारी असलेले दोन म्हातारे, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला निघालेला धनिक त्यांच्यात फूट पाडतो, आणि अखेर धरण फुटल्यावर पुरात दोघे एकमेकांना धरून मरतात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त जागीरदारच मिर्झा राहिले आणि हिंदू म्हाताऱ्याचं काम केलं मझहर खान यांनी. मुसलमान नट हिंदू, हिंदू नट मुसलमान, ही अदलाबदल नुसती सांगितली तरी आज कुणी भुवया उंचावेल. देशात फाळणीची भाषा सुरू झालेली असताना असा चित्रपट काढायला हिंमत लागते. ती प्रभातनं दाखवली.

तरी ‘शेजारी’त दोघांना राग सारखाच येतो, चूक सारखीच होते, मरणही सारखंच येतं. भांडण लावणारा बाहेरचा असतो. मनाला बरं वाटणारी ही मांडणी आहे आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे, भांडणं लावणारे असतातच. पण गावात एकाची घरं शंभर आणि दुसऱ्याची पाच असली की सारख्या रागाची किंमत सारखी पडत नाही. हे दाखवायला ‘गरम हवा’ यावा लागला.

एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट सेन्सॉरनं कित्येक महिने अडकवून ठेवला होता. १९७४मध्ये तो लोकांपुढे आला. फाळणीनंतरचं आग्रा, बूट बनवणारे सलीम मिर्झा, आणि त्या भूमिकेत बलराज साहनी, आयुष्यातलं शेवटचं मोठं काम करताना. भाऊबंद पाकिस्तानात निघून जातात, हवेली हातची जाते, मुसलमान कर्ज बुडवून पळतील म्हणून बँक पैसे देत नाही. मिर्झा भाड्याचं घर शोधत हिंडतात. कुठे नाव विचारल्यावर बोलणं फिरतं, कुठे त्याआधीच. मग ते दारातच आपलं नाव आणि धर्म सांगून टाकतात, पुढचा वेळ वाचावा म्हणून. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग असेल. मुंबई-पुण्यात घर शोधताना हा प्रसंग आजही ज्यांच्या नेहमीचा आहे त्यांना तो जुना वाटायचा नाही. दलालाशी फोनवर सगळं ठरतं, फ्लॅट पसंत पडतो, आणि नाव सांगितल्यावर मालकाचा भाचा अचानक परदेशातून राहायला येणार असतो.

मिर्झा चिडत नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा सिकंदर चिडतो. नोकरीच्या मुलाखतीत त्याला पाकिस्तानात जायचा सल्ला मिळतो. सथ्यू आणि पटकथाकार कैफी आझमी व शमा झैदी यांनी या रागाला वाट कशी करून दिली हे बघण्यासारखं आहे. सिकंदर बेकारांच्या मोर्चात शिरतो आणि त्याच्यामागे पाकिस्तानला निघालेले मिर्झाही टांग्यातून उतरतात. मुसलमान म्हणून चिडलास तर देशद्रोही, पण बेकार म्हणून चिडलास तर नागरिक. चित्रपटानं दुसरं दार शोधलं आणि ते उघडं होतं. पहिलं दार तेव्हाही बंद होतं.

२०२३मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली. महाराष्ट्रीय माणसांना आम्ही जागा देत नाही, असं तोंडावर सांगितलं गेलं. तिनं व्हिडिओ काढला आणि राज्यभर संताप उसळला. पुढारी धावले, माफी मागितली गेली. संताप शंभर टक्के योग्य होता. पण त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना सलीम मिर्झा आठवले? मराठी बाईचा राग आपला होता, नीराच्या रागासारखा. शेख किंवा कांबळे आडनावाच्या भाडेकरूनं तोच व्हिडिओ काढला असता, तर ‘घर त्याचं, तो कुणालाही देईल किंवा न देईल’ हे वाक्य आपल्याच सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या दहा मिनिटांत आलं असतं.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ या सगळ्याचं उत्तर आहे, आणि ‘सुजाता’ नुकताच बघून तो बघितला तर ते उत्तर किती नेमकं आहे हे कळतं. कैकाडी समाजातला जब्या काही गुणी बाळ नाही. तो बापाचं काम टाळतो, खोटं बोलतो, शाळेतली शालू वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीची राख मिळवायच्या नादात असतो. म्हणजे पौगंडावस्थेतला कुणाचाही मुलगा. त्याचं रक्त कुणाला लागत नाही आणि तो कुणासाठी मरत नाही. बाप कचरू सगळ्या गावापुढे वाकतो आणि पोरावर ओरडतो. किशोर कदमांनी तो वाकलेपणा पाठीच्या कण्यात उतरवलाय. गावाच्या डोळ्यांदेखत डुक्कर धरण्याचा तो लांब प्रसंग, हातातोंडाशी आलेलं डुक्कर समोर असताना शाळेत सुरू होणारं राष्ट्रगीत आणि सगळं कुटुंब जिथल्या तिथे ताठ उभं. मग मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, शाहू, आंबेडकर. आणि शेवटी जब्याचा दगड, जो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिकीट काढून बसलेल्या माणसाकडे येतो.

तो दगड खटकला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चित्रपट छानच आहे, पण शेवट जरा… ‘सुजाता’च्या शेवटाबद्दल असं कुणी म्हणत नाही. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला लागला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ एप्रिलला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून. २०१७मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. ज्यांना पडद्यावरच्या दगडाचा इतका त्रास झाला, त्यांच्यापैकी निकालाचा त्रास झालेले मला कमी भेटले.

या मुद्द्यावर जुना चित्रपट नेहमी मागे आणि नवा काळ नेहमी पुढे असा समज कुणी करून घेऊ नये. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला. मुहूर्ताला आंबेडकर आले होते. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सावित्रीबाई झाल्या सुलोचना, पुढे पाच वर्षांनी चारू झालेल्या त्याच. जोतीराव हा महाराष्ट्रातला सर्वांत रागीट सुधारक, त्यांच्या लेखनाची ओळ न् ओळ तापलेली, आणि कुणावर तापलेली हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांच्यावरच्या त्या चित्रपटाला सरकारनं राष्ट्रपतींचं रौप्यपदक दिलं. २०२५मध्ये अनंत महादेवन यांचा ‘फुले’ तयार झाला तेव्हा काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रदर्शन ११ एप्रिलवरून, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीवरून, २५ एप्रिलवर गेलं, आणि सेन्सॉर बोर्डानं जे बदल सुचवले त्यांत महार, मांग, पेशवाई हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढणं होतं. तीन हजार वर्षांची गुलामी हा आकडाही नको, ‘कित्येक वर्षांची’ म्हणा.

सावित्रीबाईंवर फेकलेले शेणगोळे दाखवायला बोर्डाची हरकत नव्हती. त्यांचं सोसणं दाखवायलाही नव्हती, ते कितीही वेळ दाखवा. हरकत होती ती कुणी, कुणाला आणि किती वर्षं हे सांगण्याला, कारण तेवढं सांगितलं की रागाला पत्ता मिळतो.